घरात गाडी आहे का?

अमेरिकेतल्या टोलेडोच्या विमा कचेरीत माझा नंबर यायचा होता. शेजारी एक बाई आणि तिचा धाकटा भाऊ फॉर्म भरत होते.

"वेंडेल, हा रकाना का सोडलास? 'घरात वापरायला गाडी आहे का?'"

"'नाही' लिही. माझी कुठंय गाडी?"

"माझी आहे की. आपल्या दारातच उभी असते."

"हळू बोल, लोरेटा! घरात गाडी नसलेले, दुसऱ्याची चालवणारे, त्यांचाच असतो हा विमा. आणि विम्याचा कागद दाखवल्याशिवाय लायसन परत देत नाहीत."

"मग पिऊन लाँड्रीच्या भिंतीत घुसायचं नव्हतंस."

"सोमवारपासून बेकरीची व्हॅन चालवायचीय मला. तू फक्त सही कर, की तुझी गाडी मला मिळत नाही."

"खोटी सही?"

"खोटी कशी? वर्षभरात हात तरी लावलाय का मी तिला?"

"मग किल्ली दे."

"कसली किल्ली? ती हरवली, सांगितलं ना तुला!"

"रविवारी मी शेजारणीबरोबर चर्चला गेले होते. आले तर माझ्या गाडीची सीट पार मागे सरकलेली. माझे पाय काही तेवढे लांब नाहीत, वेंडेल."

मग टेबलावर किल्ली आदळली.

"घे. झालं समाधान? कर आता सही."

"करते. आधी दुसरी किल्लीही काढ."

काउंटरवरून त्याचं नाव पुकारलं. तो उठला नाही. खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागला.