पोरगी पाहाले गेलो, दगड पाहून आलो

...आता तुमीच सांगा, समोर चांगला दगड दिसला त मानसानं ‘वा’ म्हनू नाई? अजी, पोरगी पाहाले गेलो होतो मी! आंधळगाववरून चिखल्याले, नवा शर्ट घालून, मामाले संग घेऊन. पोरीचे बाबा तेजरामजी कालेजात भूगर्भशास्त्र शिकवून रिटायर झाले. टेबलावर दगड, चकचकीत, अंदर लाल-लाल दाने. बोलाले काई सुचेना, तोंडातून निघाला... वा!

झालं! फसलो ना बाप्पा!

तेजरामजी घुडघ्याले घुडघा लावून बसले. ‘‘अश्वजितजी, हा आधी चिखल होता, चिखल! जमिनीत खोल गेला. वरून डोंगराचा दाब, खालून आच... पन वितळला नाई बरं! घट्टच रायला अन् आतल्या आत बदलला. हे लाल दाने उगीच नाई येत. तेवढी आच, तेवढा दाब असन तवाच येतेत. किती तपला, किती दबला, सारं यानं जपून ठेवलं!’’

इकडं लाइन गेली, कूलर बंद, मी घामानं चिंब. तेवढ्यात प्रतिक्षा पोहे घेऊन आली. खरं सांगतो, पाहताच आवडली मले. नीट पाहावं म्हनून मान वळवली, त तेजरामजीनं माही हनुवटी धरून दगडाकडं फिरवली! ‘‘इकडं पाहा! वर येऊन गार झाला, तरी पुन्हा चिखल काहून नाई झाला?’’

अन् मी काय म्हनलो? ‘‘काहून?’’

कोनं सांगतलं होतं इचाराले?

‘‘आच गेली, पानी गेलं, उलटं बदलाले जोरच नाई उरला!’’ अन् दुसरा दगड मांडीवर. मामाकडं पाह्यलं, त मामा माहे बी पोहे खाऊन रायला! मी काय म्हनतो... वा!

शेवटी सुमनबाई, म्हंजे पोरीची आई, वरडल्या, ‘‘अवो, पोरा-पोरीले बोलू द्या ना!’’

ओसरीत गेलो. म्हनलं, ‘‘घरच्यायच्या दबावानं हो म्हनू नोका.’’

‘‘दबाव नाई जी. माहा होकार आहे. आतापर्यंत जो पोरगा आला, तो पह्यल्या दगडालेच उठून पळाला. तुमी टिकले. लहानपनापासून मी आयकून रायली... आता बाबाले तुमी भेटले, मी सुटली!’’ अन् काय हासली म्हनता!

तेवढ्यात अंदरून आवाज, ‘‘जवाईबापू, या! दगडायची अलमारी उघडली!’’

गेलो ना जी. पोरगी आवडली, आता जातो कुठं?