ब्रेक दाबायला कुणीतरी

काकू : आधी ते ग्राइंडर खाली ठेवा. ठेवा म्हणते ना!

मिस्त्री : काकू, तुमच्या मुलानंच फोनवर सांगितलं. नट निघत नसेल तर कापून टाका म्हणाला.

काकू : त्याला विचारा, प्लग कुठे असतो गाडीचा. तेवढं सांगितलं तर खुशाल कापा. ही मोटरसायकल माझ्या नवऱ्याची होती, आता माझी आहे.

मिस्त्री : फक्त नट कापतोय हो. त्याच्यामागे गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट अडकलंय. दाते बघा कसे हुकासारखे झालेत. ते बदलल्याशिवाय चेन टिकायची नाही.

काकू : आणि शाफ्टच्या आट्यांना पातं लागलं तर? दुसरा शाफ्ट मिळतो या गाडीचा?

मिस्त्री : नाही मिळत.

काकू : मग भंगार! तेच हवंय चिरंजीवांना. घराखालची जागा मोकळी होईल ना!

मिस्त्री : दोन दिवस झगडतोय, काकू. पान्याला हा एवढा पाइप लावून लोंबकळलो. ढिम्म हलत नाही.

काकू : कुठल्या बाजूला फिरवलात?

मिस्त्री : कुठल्या म्हणजे? सगळे नट सुटतात त्या.

काकू : कमाल झाली! म्हणजे दोन दिवस घट्ट करताय तुम्ही. उलटे आटे आहेत त्याचे. घड्याळाच्या काट्यांसारखा फिरवला की सुटतो.

मिस्त्री : अरेच्चा.

काकू : अरेच्चा काय! आणि चेन कशाला काढून ठेवलीत?

मिस्त्री : स्प्रॉकेट काढायचं म्हणजे चेन आधी...

काकू : चेन शेवटी काढायची! तोवर असू द्यायची, मागचा ब्रेक दाबून धरायचा, म्हणजे स्प्रॉकेट जागचं हलत नाही. एकानं ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं पाना मारायचा. दोघांचं काम आहे ते. हे खालून हाक मारायचे, "दाबतेस का गं?" की मी ओले केस तसेच बांधून खाली. आणि तुम्ही? छिन्नी मारलीत! या बघा खुणा नटावर. लाज नाही वाटली?

मिस्त्री : बाकी सगळं बोला, काकू, ऐकून घेतो. पण छिन्नी मी मारलेली नाही.

काकू : मग काय उंदरांनी मारली? माझ्या नवऱ्यानं या गाडीला कधी छिन्नी लावली नाही.

मिस्त्री : इकडे या. चष्मा लावा. खाचेत बोट फिरवा. काय लागतंय?

काकू : मळ.

मिस्त्री : जुनं ग्रीस आहे, वाळून दगड झालेलं. त्याच्याखाली गंज. परवाची खूण अशी नसते. कुणीतरी एकट्यानं काढलाय हा नट. धरायला दुसरं माणूस नसलं की छिन्नीच उरते.

काकू : एकट्यानं कशाला काढतील? मी होते ना घरात.

मिस्त्री : ते मला काय ठाऊक?

काकू : होते मी घरात. वरच्या खोलीत. त्या दिवशी बहिणीकडे जायचं ठरलं होतं, मी तयार होऊन बसले, आणि हे गाडी उघडून बसलेले. मी दाराला कडी लावून घेतली.

मिस्त्री : हाक नाही मारली त्यांनी?

काकू : तीनदा. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, शेजाऱ्याला बोलावलं होतं. खोटारडा मेला! इतकी वर्षं मला पत्ता लागू दिला नाही.

मिस्त्री : बसा, काकू. पाणी देतो.

काकू : पाणी नको. चेन चढवा.

मिस्त्री : चढवतो. ब्रेकला आमच्या वेल्डरला बोलावतो.

काकू : वेल्डर कशाला? हात द्या, मी सीटवर बसते. हं. दाबलाय. मारा पाना. काट्यांसारखा, लक्षात आहे ना?

मिस्त्री : आहे. घट्ट धरा हं... सुटला! काकू, सुटला! अहो, ब्रेक सोडा आता.

काकू : असू दे जरा.