मायरा टोल घरी येते

रोस्विता : ...आणि मग मायरा दार उघडते. आत दिवा चालू असतो, टेबलावर प्लमचा केक असतो. झालं, संपली मालिका.

एगबर्ट : कोण दार उघडते?

रोस्विता : मायरा टोल. तुझ्या त्या अंतराळकथेतली वैमानिक.

एगबर्ट : हे तुला संपादकाने सांगितलं?

रोस्विता : हो, सकाळी फोनवर. म्हटलं, माझा नवरा पोरगा असल्यापासून तुमची 'दूरयात्री' वाचतोय, दर आठवड्याला क्लबच्या पत्रिकेत नव्या अंकाला तारे देऊन परीक्षण लिहितोय. आता डॉक्टरांनी हात टेकलेत, नाताळ काही दिसायचा नाही त्याला. शेवट तेवढा सांगा. सांगितला बिचाऱ्याने.

एगबर्ट : रोस्विता, मायरा मेलीय.

रोस्विता : (उशी नीट करत) कधी?

एगबर्ट : बाराशेव्या अंकात. यानाला आग लागली, ती आतच राहिली.

रोस्विता : मग परत आणली असेल. तुझ्या त्या गोष्टींत मेलेली माणसं येतात की उठून.

एगबर्ट : येतात. म्हणून तर इतकी वर्षं शिव्या घालतोय लेखकांना. मायराला तरी आणू नका, असं लिहिलं होतं मी. तेवढं एक ऐकलं त्यांनी.

रोस्विता : मला काय माहीत! त्यातली एकही पुस्तिका कधी उघडली नाही मी. शुक्रवार आला की टपरीवरून ती आणायची आणि तोंड खुपसून बसायचं. सूप गार होऊन जायचं. मला हे एकच नाव लक्षात राहिलं.

एगबर्ट : हेच का?

रोस्विता : तू रडला होतास तेव्हा. माझे वडील गेले तेव्हा नव्हतास रडला.

एगबर्ट : बोलली नाहीस कधी.

रोस्विता : काय बोलणार? कागदावरच्या बाईवर जळत होते मी.

एगबर्ट : संपादक खरं काय म्हणाला?

रोस्विता : राहू दे ना.

एगबर्ट : सांग.

रोस्विता : शेवटच नाहीये रे. खप राहिला नाही, बंद करतायत. लेखकांनी पुढचं काही ठरवलेलंच नाही. आहे तिथेच थांबणार म्हणाला.

एगबर्ट : म्हणजे ती सगळी माणसं तिथे काळोखात तशीच राहणार. आणि मी वेडा, शेवट कळेल म्हणून जीव धरून बसलो होतो. सगळं आयुष्य घातलं गं यात. फुकट.

रोस्विता : असं नको म्हणूस.

एगबर्ट : मग काय म्हणू?

रोस्विता : ...माझ्या शेवटाला किती तारे?

एगबर्ट : एक. तोही ओळखीची म्हणून. मेलेली बाई येते, कशी आली ते नाही, का आली ते नाही. आणि अंतराळात प्लम कुठून आणले?

रोस्विता : घरी कुणी येणार म्हटलं की मला केकच सुचतो. पाणी देऊ? ओठ सुकलेत तुझे.

एगबर्ट : नको. ती दार उघडते, दिवा चालू आहे. तो लावला कुणी? घरात कोण आहे?

रोस्विता : असेल कुणीतरी. तिची वाट बघत थांबलेलं.

एगबर्ट : आणि मग? पुढे काय होतं?

रोस्विता : मला नाही माहीत, एगबर्ट. खरंच नाही माहीत.