दोन्ही दंड

नाही हो सिस्टर, भुलीची नाही भीती— रात्रभर डोळ्याला डोळा नाही तो भलत्याच गोष्टीनं. डॉक्टर म्हणाले, काही आठवडे वजन उचलायचं नाही. मी शहाण्यासारखी मान डोलावली. घरी गेल्यावर ट्यूब पेटली— अहो, ती स्टुलावर बसलीये ना, माझी लेक, ती वजनातच आली की! हळू बोलते. तिला अजून सांगितलेलं नाही. आई ट्रेनिंगला चाललीये म्हणून सांगितलं— आणि आणलंय कुठं, तर इथंच! बाबा खाली काउंटरवर, घरी सांभाळायला कोणी नाही. अक्कल बघा माझी.

हो हो, दोन्ही दंड उघडे करायचेत, ऐकलं मी— करते. बटणच निघत नाहीये. व्रण ना? काखेपासून कोपरापर्यंत, आतल्या बाजूनं, कायमचा— माहितीये. नळ्या, सूज, घट्ट बाह्या, बधिरपणा— सगळं पाठ आहे, परीक्षेला बसल्यासारखं. चालेल. हे लोंबणारं तेवढं जाऊ दे. बाळंतपणात वाढलेलं वजन उतरलं, कातडी तिथंच राहिली. शाळेत शिकवते मी— फळ्यावर लिहायला हात वर केला की मागे खुसखुस. आता लिहीतच नाही, तोंडी सांगते सगळं. नणंद म्हणाली, 'वहिनी, काही वाळत घातलंय का?' मीच सगळ्यांत मोठ्यानं हसले. नवरा? तो काहीच म्हणत नाही. तेच तर— काहीच म्हणत नाही, बघतही नाही.

आणि ही— ही तेच कातडं मुठीत धरून झोपते हो. ताप असला की दोन्ही हातांनी. ते कापल्यावर हिनं काय धरायचं? डॉक्टरांना कसं विचारू, वेड्यात काढतील. खरं सांगू? आत्ता तुम्ही 'घरी जा' म्हणालात ना, तर मी— नको, म्हणू नका. कापायच्या रेघा पेनानं मारायला डॉक्टरांना बोलवा लवकर, मी पळायच्या आत.

अगं, काय झालं? रडतेस का? कोणी केला दंड? नाही गं— दंड म्हणजे हा, हाताचा वरचा— सिस्टर, हिच्या बालवाडीत मध्येच बोललं की दंड, कोपऱ्यात उभं करतात. सॉरी म्हटलं की सुटका. हिला वाटतंय, मला— नाही गं राणी, आईनं काही नाही केलं, आईला कोणी— इकडे ये. सिस्टरांचा हात सोड आधी. काय सांगतेस त्यांना?

"मावशी, मी सॉरी म्हणते. आईला सोडा ना."