एक नंबरचा पेशंट

डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकावर मूत्रपिंडावर संशोधन करणारी एक तरुण डॉक्टर आणि तिच्या मार्गदर्शक बाई बसल्या होत्या.

"एक नंबरच्या पेशंटपुढे 'संपर्क तुटला' लिहिलंयस. घरी फोन केला होतास?"

"हो, मॅडम. आईनं उचलला."

"पेशंटच्या?"

"माझ्या. त्यांचा फोन आता तीच उचलते."

"अगं... तुझे बाबा? कधी गेले?"

"मागच्या मंगळवारी."

"आणि तू चार दिवसांत कामावर! बोलायचं तरी!"

"घरातली पहिली डॉक्टर मी. सुईला घाबरायचे, तरी म्हणाले, तुझ्या अभ्यासात पहिलं नाव माझंच घाल."

"बाळा, खरं तेच लिहायला हवं. निष्कर्ष चुकेल गं."

"लिहिते, मॅडम. पण 'मृत्यू' लिहिलं की पुढच्या महिन्यात फोन करायच्या पेशंटच्या यादीतून बाबांचं नाव जातं."