निलूचा हात जिथे थांबला

मंडळी, एक विचारू? ज्याला काहीच ठाऊक नाही, त्याच्यापुढे जाणत्या माणसानं बसावं कसं? उंच पाटावर? की त्याच्याच सतरंजीवर? घाई नको – आधी ऐका!

कुडाळला मुलांचे एक डॉक्टर होते, अनिरुद्ध केळुसकर. मधुमेह झालेल्या मुलांच्या आईबापांसाठी ते ब्लॉग लिहायचे. ब्लॉग म्हणजे काय? मोबाईलवरची पाटी हो! एकानं लिहावी, जगानं वाचावी. हसू नका, कीर्तनकार बुवांनाही कळतं थोडंफार! तर लेख असे विद्वत्तेचे, की इतर डॉक्टर माना डोलवायचे. आईबाप? ते दोन ओळी वाचून मोबाईल खाली ठेवायचे.

आणि एक दिवस त्यांच्याच भाचीला, आठ वर्षांच्या गार्गीला, तोच आजार निघाला. जेवणाआधी इन्सुलिन टोचायलाच हवं, नाहीतर लेकरू हाती लागायचं नाही. सुरुवातीला मामानं तिच्या घरी राहून टोचलं. पण मामाला परत कुडाळला जायचं होतं. धाकट्या बहिणीला, म्हणजे गार्गीच्या आईला, निलूला, ते म्हणाले, "आज तू दे. सगळं माझ्या ब्लॉगवर आहे."

निलू वाचू लागली. स्वादुपिंड आलं, त्यातल्या पेशी आल्या, संशोधनाचा इतिहास आला! पोर ताटासमोर बसलेली, आमटी निवत चाललेली. शेवटी सुईपर्यंत पोचली आणि हात थांबला तो थांबलाच.

"दादा, यात सगळं आहे," ती म्हणाली. "मी कुठाय?"

मंडळी, काय बोलली पाहा ती माउली! डॉक्टरांना वाटलं, पटकन आपणच टोचावं. पण उद्या कोण टोचणार? ते बहिणीशेजारी जमिनीवर बसले आणि विचारलं, कुठे अडलीस? ती म्हणाली, माझ्या हातानं माझ्या लेकीला दुखणार, तिथं अडले.

हे लेखात नव्हतंच हो! इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं!

त्यांनी तिला धीर दिला, एकेक गोष्ट सांगितली. निलूनं डोळ्यांत पाणी आणून टोचलं. गार्गी म्हणाली, "झालं? मग वाढ ना!"

डॉक्टर तिथून उठलेच नाहीत. बहीण जिथे जिथे अडली होती, तिथे तिथे त्यांनी लेखात साधं वाक्य लिहिलं. स्वादुपिंड गेलं लेखाच्या शेवटी. पहिली ओळ आली – 'तुमचा हात थरथरेल. सगळ्यांचाच थरथरतो. आधी लेकराशेजारी बसा.'

पुढे काय घडलं, ते सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. गेवराईकडच्या एका बापानं त्या लेखाखाली लिहिलं: 'बायको बाळंतपणाला गेलेली. घरी मी आणि मुलगा. हात थरथरला. तुम्ही आधीच सांगितलं होतं, म्हणून भ्यालो नाही. पोरगा आत्ता जेवतोय.'

कुठे कुडाळ, कुठे गेवराई! तोंड पाहिलेलं नाही, आवाज ऐकलेला नाही. तरी एका माणसाचा धीर दुसऱ्याच्या हातात उतरला! पेटीवाले, थांबा जरा... हे नवल शांतपणेच पाहू या.

देव कुठे भेटतो म्हणून विचारता ना? मला तर तो त्या पहिल्या ओळीत दिसला. शेजारी येऊन बसलेला.

आता तुमचं सांगा. सुनेला स्वयंपाक शिकवता, म्हाताऱ्या वडिलांना मोबाईल दाखवता. "एवढंही कळत नाही?" असं किती वेळा म्हणालात? आज घरी गेलात की त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, कुठे अडलं? मग बोला. एवढं केलंत की माझी कीर्तनसेवा देवाला पोचली. आता त्याचं नाव घ्या, आणि शेजारच्यालाही ऐकू जाईल असं घ्या!