रब्बींच्या ग्रंथातलं मडकं

उद्या शब्बाथ, आम्हा ज्यूंचा चूल न पेटवण्याचा दिवस, म्हणून टोलेडोच्या गावभट्टीवर रात्रभरासाठी जेवणाची मडकी ठेवायला रांग होती. माझ्यापुढे आमच्या धर्मगुरूंची, म्हणजे रब्बींची, बायको ओरोविदा आणि तिची शेजारीण सोल.

"काकू, मागच्या शब्बाथला आपली मडकी बदलली हो!"

"कळलं. आमच्या ह्यांनी तीनदा मागून खाल्लं. वीस वर्षांत पहिल्यांदा!"

"अगंबाई! मग?"

"मग काय, शब्बाथ संपताच ग्रंथात लिहून टाकलं. भट्टीवर मडकं बदललं, तर ज्याच्या घरी जे आलं ते त्याने आनंदाने खावं."

"आणि आमच्या घरी तुमचं आलं, त्याचं काय?"

"त्याबद्दल ग्रंथ गप्प आहे."

"म्हणून तर आज खुणेला लाल दोरा बांधलाय."

"सोड तो, बाई. आणि मडकं माझ्या मडक्याला अगदी चिकटून ठेव."